एका डेटालॉगरवर बत्तीस सेन्सर : रिले मल्टिप्लेक्सर जोडताना

डेटालॉगर, म्हणजे सेन्सरची वाचने ठरावीक वेळाने घेऊन साठवणारे यंत्र, निवडताना आपण हाताशी असलेले सेन्सर मोजतो आणि तेवढ्या चॅनेलचे यंत्र घेतो. पुढे काम रुळते, पहिली आकडेवारी हाती येते, प्रश्न वाढतात आणि प्रश्नांबरोबर सेन्सरही वाढतात. जमिनीचे तापमान दोन पातळ्यांवर मोजून भागत नाही, सहा पातळ्या हव्याशा वाटतात. एका भूखंडाऐवजी पाच भूखंडांची तुलना करावीशी वाटते. कॅम्पबेल सायंटिफिकच्या सीआर१००० या सुपरिचित लॉगरवरही सिंगल-एंडेड (जमिनीच्या तुलनेत एका तारेने मोजण्याच्या) पद्धतीने १६ किंवा डिफरन्शियल (दोन तारांमधला फरक मोजण्याच्या) पद्धतीने ८ एवढेच ॲनालॉग चॅनेल असतात, आणि ते पाहता पाहता संपतात. अशा वेळी दुसरा लॉगर घ्यायचा की आहे त्याच लॉगरला रिले मल्टिप्लेक्सर (अनेक सेन्सर आळीपाळीने एकाच इनपुटला जोडणारी पेटी) जोडायचा, हा प्रश्न उभा राहतो. सेन्सर सावकाश बदलणारी राशी मोजत असतील आणि ते सारे एकाच परिसरात असतील, तर मल्टिप्लेक्सर घ्यावा असे मी निःशंकपणे सांगतो. एकच घड्याळ, एकच बॅटरी, एकच आकडेवारीची फाइल आणि एकाच इनपुटमधून जाणारी सगळी मापने, हे त्याचे फायदे दुसऱ्या लॉगरने मिळत नाहीत.

मात्र तारा जोडून सेन्सरची संख्या वाढवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. वाढवलेल्या प्रत्येक सेन्सरचे वाचन लॉगरला थेट जोडलेल्या सेन्सरइतके विश्वासार्ह ठेवणे हा अवघड भाग आहे, आणि त्यासाठी मिळालेल्या चॅनेलपैकी किमान दोन चॅनेल सेन्सरला न देता तपासणीसाठी राखून ठेवावेत असे माझे ठाम मत आहे. ते का, हे समजण्यासाठी मल्टिप्लेक्सरच्या पोटात काय घडते ते आधी पाहायला हवे.

रिले मल्टिप्लेक्सर म्हणजे रिलेंची, अर्थात विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचची, एक रांग. प्रत्येक सेन्सरच्या तारा आपापल्या रिलेच्या एका बाजूला येतात आणि सर्व रिलेंच्या दुसऱ्या बाजू एकत्र करून कॉमन टर्मिनलवर आणलेल्या असतात. लॉगरकडे फक्त या कॉमन टर्मिनलच्या तारा जातात. एका वेळी एकच रिले मिटलेला (जोडणी झालेला) असतो, म्हणजे त्या क्षणी लॉगरच्या दृष्टीने जगात एकच सेन्सर असतो. एएम१६/३२बी या प्रचलित मल्टिप्लेक्सरवर एक स्विच असतो. तो एका बाजूला ठेवला की प्रत्येकी चार तारांचे १६ चॅनेल मिळतात आणि दुसऱ्या बाजूला ठेवला की प्रत्येकी दोन तारांचे ३२ चॅनेल मिळतात. दोन तारांच्या थर्मिस्टरसाठी (तापमानाबरोबर रोध बदलणाऱ्या सेन्सरसाठी) ३२ चा प्रकार योग्य, तर चार तारांचा पीटी१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर), स्ट्रेन गेजचा (ताण मोजणाऱ्या सेन्सरचा) पूर्ण ब्रिज किंवा व्हायब्रेटिंग वायर पायझोमीटर (कंप पावणाऱ्या तारेने भूजलाचा दाब मोजणारा सेन्सर) यांच्यासाठी १६ चा. पायझोमीटरच्या बाबतीत दोन तारा कॉइलच्या आणि दोन तारा आतल्या थर्मिस्टरच्या असतात, त्यामुळे एका मल्टिप्लेक्सरवर असे १६ पायझोमीटर बसतात.

नियंत्रणाला लॉगरचे फक्त दोन डिजिटल पोर्ट लागतात, एक रिसेटसाठी आणि एक क्लॉकसाठी. रिसेटची रेषा वर नेली की मल्टिप्लेक्सर जागा होतो. त्यानंतर क्लॉकच्या रेषेवर दिलेली पहिली पल्स पहिला चॅनेल जोडते, दुसरी पल्स दुसरा, आणि असेच पुढे. रिसेट खाली आणली की सर्व रिले उघडतात आणि यंत्र पुन्हा निद्रिस्त होते. ही कल्पना जुनी आहे. ॲल्मन स्ट्रोजर यांना १८९१ साली ज्या स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचे पेटंट मिळाले, त्याचा गाभा विद्युत स्पंदांमागे एकेक पायरी पुढे सरकणारा स्विच हाच होता. या पद्धतीची मोठी सोय म्हणजे ३२ चॅनेलसाठी ३२ नियंत्रण तारा लागत नाहीत. तिची मर्यादाही त्यातच आहे : आपण आत्ता कितव्या चॅनेलवर आहोत हे मल्टिप्लेक्सर लॉगरला कधीही सांगत नाही. लॉगर स्वतः दिलेल्या पल्स मोजतो आणि तेवढ्यावर विश्वास ठेवतो. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण सर्वांत घातक चुका येथूनच येतात.

सीआरबेसिक या लॉगरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम फार मोठा नसतो. रिसेट वर नेणे, सुमारे १५० मिलिसेकंद थांबणे, मग सबस्कॅनच्या (प्रोग्रॅममधल्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत दर फेरीला क्लॉकवर १० मिलिसेकंदांची पल्स देणे, तेवढेच पुन्हा थांबणे, मोजणे, आणि शेवटी रिसेट खाली आणणे. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. रिले मिटताना त्याचे कॉन्टॅक्ट एकदम स्थिर होत नाहीत, ते काही काळ एकमेकांवर आपटून उसळतात. त्यामुळे आधी रिले मिटू द्यावा, उसळणे थांबू द्यावे, मग सेन्सरला एक्सायटेशन (मापनापुरते व्होल्टेज) द्यावे, मोजावे, एक्सायटेशन काढावे, आणि त्यानंतरच पुढची पल्स द्यावी. प्रवाह वाहत असताना कॉन्टॅक्ट उघडणे-मिटणे म्हणजे प्रत्येक वेळी त्यांच्या पृष्ठभागाची थोडी झीज करणे होय. एक्सायटेशन थोडाच वेळ देण्याचा आणखी एक लाभ आहे. १० किलोओहमचा थर्मिस्टर तेवढ्याच रेझिस्टरबरोबर २.५ व्होल्टवर ठेवला, तर त्याच्यात सुमारे ०.१६ मिलिवॅट उष्णता निर्माण होते. काही मिलिसेकंद ती नगण्य असते, पण सतत चालू राहिली तर स्थिर हवेतला बारीक थर्मिस्टर स्वतःच्याच उष्णतेने अंशाच्या दहाव्या भागाइतका गरम दिसू शकतो. रिसेट खाली आणणारी ओळ प्रोग्रॅममधून सुटली, तर शेवटचा रिले दिवसरात्र ओढलेला राहतो आणि सौर पॅनेलवर चालणाऱ्या केंद्राची बॅटरी विनाकारण उतरते.

आता वेळेचा हिशेब. वरच्या क्रमात पल्स आणि थांबणे मिळून २० मिलिसेकंद जातात. ५० हर्ट्झच्या वीजवाहिन्यांचा गोंगाट गाळायचा असेल तर एका मापनाला निदान २० मिलिसेकंद हवेत, आणि इनपुट उलटसुलट करून दोनदा मोजले तर ४०. म्हणजे एका चॅनेलला सुमारे ६० मिलिसेकंद आणि ३२ चॅनेलना जवळजवळ दोन सेकंद. दर सेकंदाला नोंद हवी असणाऱ्याने येथेच थांबावे. जमिनीचे तापमान, काँक्रीटमधली उष्णता, भूजलाचा दाब यांसारख्या गोष्टी दोन सेकंदांत हलत नाहीत; त्यांच्यासाठी दर मिनिटाची किंवा दर दहा मिनिटांची फेरी पुरून उरते. परंतु पुलावरून वाहन जाताना तुळईतला ताण कसा बदलतो हे पाहायचे असेल, तर पहिल्या आणि बत्तिसाव्या गेजची वाचने वेगवेगळ्या क्षणांची असतील आणि त्यांची तुलना निरर्थक ठरेल. एकाच क्षणी मोजणे ही ज्या कामाची गरज आहे, त्या कामाला मल्टिप्लेक्सर लावू नये. चॅनेलचे वाचन सरासरी काढून घ्यायचे असेल, तर सगळ्या चॅनेलच्या पाच फेऱ्या मारण्यापेक्षा एका चॅनेलवर थांबून पाच वाचने घ्यावीत. रिलेचे आयुष्य वाचते आणि वेळही.

काही सेन्सर मल्टिप्लेक्सरवर मुळीच जाऊ नयेत. बादली उलटवून पाऊस मोजणारा पर्जन्यमापक आणि कप फिरवून वारा मोजणारा वेगमापक सतत पल्स देत असतात. त्यांना लॉगरचे पल्स मोजणारे इनपुट अखंड लागते. फेरीतल्या काही मिलिसेकंदांपुरते त्यांना जोडणे म्हणजे पाऊस मोजायचाच नाही असे ठरवण्यासारखे आहे. एसडीआय-१२ या डिजिटल पद्धतीने बोलणाऱ्या सेन्सरना मल्टिप्लेक्सरची गरजच नसते, कारण एकाच तारेवर वेगवेगळे पत्ते देऊन ते अनेक जोडता येतात. ४ ते २० मिलिॲम्पिअर प्रवाह देणारे सेन्सर मात्र विचार करायला लावतात. त्यांची प्रवाहाची साखळीच रिलेतून नेली, तर रिले उघडताच साखळी तुटते, सेन्सरचा वीजपुरवठा बंद पडतो, आणि पुढच्या फेरीत त्याला पुन्हा स्थिर व्हायला जो काळ लागतो तो आपल्या प्रोग्रॅममध्ये नसतो. यावर उपाय असा की प्रत्येक सेन्सरच्या साखळीत कायमचा १०० ओहमचा शंट रेझिस्टर ठेवावा, साखळी अखंड वाहू द्यावी, आणि त्या रेझिस्टरवर पडणारे ०.४ ते २ व्होल्ट तेवढे मल्टिप्लेक्सरमधून लॉगरकडे न्यावेत.

रिलेच्या कॉन्टॅक्टविषयी जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण स्वस्तात मल्टिप्लेक्सर तयार करू पाहणारे बहुतेक जण येथे अडखळतात. बाजारात मिळणारे आठ किंवा सोळा रिलेंचे निळे बोर्ड मोटर आणि दिवे चालवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांचे चांदीच्या मिश्रधातूचे कॉन्टॅक्ट १० ॲम्पिअर झेलू शकतात, पण ते स्वच्छ राहण्यासाठी त्यांतून पुरेसा प्रवाह वाहावा लागतो. सेन्सरचा काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह त्या पृष्ठभागावर साचलेला पातळ थर भेदू शकत नाही. परिणामी पहिले काही आठवडे सारे उत्तम चालते आणि मग वाचने अधूनमधून उडू लागतात. सेन्सरच्या कामाला सोन्याचा मुलामा असलेले, सूक्ष्म संकेतांसाठी बनवलेले सिग्नल रिलेच लागतात, आणि यात काटकसर करू नये.

रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप का वापरू नये, असेही विचारले जाते. उत्तर सेन्सरवर अवलंबून आहे. ७४एचसी४०६७ या लोकप्रिय सोळा चॅनेलच्या चिपचा चालू अवस्थेतला रोध साधारण ७० ओहम असतो, आणि तो तापमानाबरोबर बदलतो. १० किलोओहमच्या थर्मिस्टरला ७० ओहम म्हणजे ०.७ टक्के. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असा थर्मिस्टर अंशाला सुमारे ४.४ टक्के बदलतो, तेव्हा चूक सुमारे ०.१६ अंशाची झाली. ती बव्हंशी हिशेबातून वजाही करता येते. पीटी१०० चे तसे नाही. त्याचा रोध अंशाला अवघा ०.३८५ ओहम बदलतो, म्हणजे दोन तारांनी जोडल्यास ७० ओहम तर सोडाच, रिलेच्या कॉन्टॅक्टचा ०.१ ओहमसुद्धा पाव अंशाहून अधिक चूक आणतो. म्हणून पीटी१०० ला चारही तारा स्वतंत्रपणे रिलेतून न्याव्यात : दोन तारांतून प्रवाह, दोन तारांतून व्होल्टेजचे मापन. मग कॉन्टॅक्टचा रोध मापनात येतच नाही. चॅनेल निम्मे होतात, पण त्या बदल्यात मिळणारी अचूकता त्याहून मोलाची आहे. व्हायब्रेटिंग वायरचा सेन्सर या बाबतीत सर्वांत सोशिक आहे. त्याचे उत्तर तारेच्या कंपनाच्या वारंवारितेत असते, आणि वारंवारिता ना कॉन्टॅक्टच्या रोधाने बदलते ना केबलच्या लांबीने.

थर्मिस्टरच्या बाबतीत मल्टिप्लेक्सर एक सुंदर सोय देतो. अर्ध्या ब्रिजला, म्हणजे एक्सायटेशन थर्मिस्टर आणि ठरावीक रेझिस्टर यांत वाटून मोजण्याच्या जोडणीला, लागणारा अचूक रेझिस्टर प्रत्येक सेन्सरला वेगळा लावावा लागत नाही. तो कॉमनच्या बाजूला, लॉगरच्या इनपुटपाशी, एकदाच लावला की सर्व ३२ थर्मिस्टर त्याच एका रेझिस्टरशी तोलले जातात. एकच अत्युत्तम रेझिस्टर घ्यायचा असल्याने त्यावर खर्च करायला हात आखडत नाही, आणि सेन्सरांमधला परस्पर फरक या रेझिस्टरच्या चुकीने बिघडत नाही.

याच अर्ध्या ब्रिजमध्ये केबलच्या लांबीचा प्रश्न येतो. दोन तारांमध्ये विद्युत धारिता असते. मीटरला १०० पिकोफॅरड हा ढोबळ आकडा धरला तर ५० मीटर केबलला ५ नॅनोफॅरड होतात. थर्मिस्टर आणि रेझिस्टर दोन्ही १० किलोओहमचे असतील, तर ही धारिता ५ किलोओहममधून भरावी लागते आणि कालांक (ती किती लवकर भरते याचे माप) २५ मायक्रोसेकंद येतो. व्होल्टेज आपल्या अंतिम मूल्याच्या ०.०१ टक्क्यांत पोहोचायला साधारण नऊ कालांक, म्हणजे सव्वादोनशे मायक्रोसेकंद लागतात. आता तोच थर्मिस्टर शून्य अंशावर न्या. त्याचा रोध ३२ ते ३३ किलोओहम होतो, कालांक दीडपटीच्या पुढे जातो, आणि उन्हाळ्यात बसवताना अगदी बरोबर वाटलेली थांबण्याची वेळ हिवाळ्यातल्या पहाटे अपुरी पडते. चूक फक्त थंडीत आणि फक्त लांब केबलच्या चॅनेलवर येत असल्यामुळे ती निसर्गाचीच घटना वाटते. मी एक्सायटेशन आणि मापन यांच्यामध्ये नेहमी हिशेबाच्या कितीतरी पट, काही मिलिसेकंदांचा अवधी ठेवतो. सावकाश चालणाऱ्या फेरीत तो कोणालाही जड जात नाही.

थर्मोकपलसाठी वेगळी काळजी लागते. थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर, दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो, आणि मल्टिप्लेक्सर लावल्यावर ते दुसरे टोक लॉगरच्या पॅनेलवरून उठून मल्टिप्लेक्सरच्या टर्मिनलवर आलेले असते. संदर्भाचे तापमान मात्र लॉगरच्या आतल्या सेन्सरवरून घेणे चालूच राहिले, तर दोन पेट्यांच्या तापमानात जेवढा फरक, जवळपास तेवढीच चूक सगळ्या वाचनांत. यासाठी संदर्भाचा थर्मिस्टर मल्टिप्लेक्सरच्या टर्मिनलपाशीच बसवावा. इतक्यानेही भागत नाही, कारण टर्मिनलच्या रांगेच्या दोन टोकांत फरक असू शकतो. पेटीच्या एका बाजूवर ऊन आले तर असा फरक सहज पडतो, आणि के प्रकारच्या थर्मोकपलला तर अंशामागे ४१ मायक्रोव्होल्टच मिळतात. टर्मिनलवर धातूचे झाकण, त्यावर उष्णतारोधक आवरण आणि पेटीला सावली, या तिन्हींची आवश्यकता आहे. केवळ थर्मोकपलच मोजायचे असतील, तर त्याच कामासाठी बनवलेला, टर्मिनलपाशी संदर्भाचा सेन्सर असलेला एएम२५टी सारखा मल्टिप्लेक्सर अधिक योग्य. त्यात २५ चॅनेल असतात.

तुटलेला थर्मोकपल आणखी एक संकट निर्माण करतो. अर्ध्या ब्रिजमधला थर्मिस्टर तुटला तर व्होल्टेज शून्यावर येते आणि बिघाड लगेच कळतो. तुटलेल्या थर्मोकपलच्या चॅनेलवर मात्र लॉगरचे इनपुट अधांतरी राहते, आणि आधीच्या चॅनेलचा जो विद्युतभार तेथे उरलेला असतो तोच पुन्हा मोजला जातो. फाइलमध्ये सातव्या चॅनेलवर सहाव्याच चॅनेलचे किंचित बदललेले तापमान उमटते. दोन शेजारी सेन्सर दिवसेंदिवस एकसारखे वागू लागले तर योगायोग समजू नये; आधी तारा तपासाव्यात. मापनापूर्वी इनपुटला क्षणभर ठरावीक व्होल्टेज लावून तार तुटली आहे का हे पाहण्याची सोय अनेक लॉगरमध्ये असते. ती मल्टिप्लेक्सरच्या प्रत्येक व्होल्टेज मापनावर चालू ठेवावी.

आता पल्स मोजण्याच्या त्या मुद्द्याकडे वळतो. समजा नियंत्रणाची केबल लांब आहे, जवळच एखादा पंप सुरू होतो आणि क्लॉकच्या रेषेवर एक आगंतुक पल्स उमटते. मल्टिप्लेक्सर एक पायरी जास्त पुढे जातो. लॉगरला याची गंधवार्ता नसते. त्या फेरीतली पुढची सगळी वाचने एका घराने सरकतात. ५, १०, २०, ५० आणि १०० सेंटिमीटर खोलीवर थर्मिस्टर पुरलेले आहेत असे धरले, तर ५ सेंटिमीटरच्या रकान्यात १० सेंटिमीटरचे तापमान जाऊन बसते, १० च्या रकान्यात २० चे. यातला एकही आकडा अशक्य कोटीतला नसतो. जमिनीत खोल जावे तशी दिवसरात्रीची तापमानाची लाट लहान होते आणि उशिरा पोहोचते. त्यामुळे सरकलेल्या आकडेवारीत वरच्या थरातली लाट दबलेली आणि विलंबाने आलेली दिसते, आणि अभ्यासक जमिनीचा ओलावा बदलला, आच्छादन वाढले, अशी कारणे शोधू लागतो. आलेख देखणाच असतो. कमाल-किमान मर्यादांची कोणतीही चाळणी त्याला अडवत नाही.

पल्स हुकली तर उलट दिशेने असेच घडते. दर फेरीच्या आरंभी रिसेट खाली आणून पुन्हा वर नेल्याने चूक पुढच्या फेरीत जात नाही हे खरे, पण नियंत्रणाची तार सैल असेल तर प्रत्येक फेरीत ती नव्याने घडते.

म्हणूनच मी दोन चॅनेल राखायला सांगतो. ३२ चॅनेलच्या मल्टिप्लेक्सरवर पहिल्या चॅनेलला सेन्सरऐवजी १० किलोओहमचा अचूक रेझिस्टर लावावा आणि बत्तिसाव्या चॅनेलला ३० किलोओहमचा. दोघांची मूल्ये वेगळी असणे महत्त्वाचे आहे. सारे ठीक असेल तर पहिला चॅनेल कायम २५ अंशांचे तापमान दाखवेल आणि शेवटचा शून्याच्या थोडे वर, दिवस असो वा रात्र. मध्येच एक पल्स जास्त झाली, तर शेवटच्या वाचनात ३० किलोओहम असणारच नाहीत, ते एक घर आधी एकतिसाव्यात येऊन बसलेले दिसतील. पहिलीच पल्स हुकली, तर पहिले वाचन रिकामे येईल आणि १० किलोओहम दुसऱ्या रकान्यात सापडतील. पहिला बरोबर आणि शेवटचा चुकीचा असेल, तर घसरण फेरीच्या मध्ये झाली. ती फेरीच्या कोणत्या अर्ध्या भागात झाली हे कळण्याची गरज भासलीच, तर सोळावा चॅनेलही तपासणीला द्यावा. सेन्सर जवळजवळ सारखे असतात तेथे हा तिसरा रेझिस्टर फार उपयोगी पडतो.

या रेझिस्टरची निवड विचारपूर्वक करावी. ०.१ टक्का अचूकतेचे आणि अंशाला १५ पीपीएमहून (दहा लाखांत १५ भागांहून) कमी बदलणारे धातुपटलाचे रेझिस्टर सहज मिळतात. पेटीचे तापमान ४० अंशांनी बदलले तरी असा रेझिस्टर फार तर ०.०६ टक्के बदलतो, म्हणजे थर्मिस्टरच्या भाषेत सुमारे ०.०१४ अंश. याचा अर्थ तपासणीच्या चॅनेलवर दिसणारा त्याहून मोठा चढउतार मापनव्यवस्थेचा आहे असे खात्रीने म्हणता येते. केवळ घसरण पकडणे एवढेच त्यांचे काम नाही. कॉमनच्या बाजूचा अचूक रेझिस्टर बदलू लागला तर दोन्ही तपासण्या एकाच प्रमाणात हलतात. थांबण्याचा अवधी अपुरा असेल तर ३० किलोओहमचा चॅनेल आधी ढळतो. पेटीत दमटपणा शिरला तरी तोच आधी ढळतो. दमटपणाच्या बाबतीत असे का, ते आकड्यांतून पाहावे. टर्मिनलवर ओलसर धूळ साचून दोन तारांमध्ये १ मेगाओहमची गळती तयार झाली, तर ३२.६ किलोओहमचा थर्मिस्टर ३१.६ किलोओहमचा भासतो आणि शून्य अंशाच्या जागी ०.६ अंश नोंदले जातात. २५ अंशांवरच्या १० किलोओहमला हीच गळती जेमतेम एक टक्का हलवते. दोन वेगळ्या मूल्यांचे रेझिस्टर असले की कोणता किती हलला यावरून आजाराचे नावही कळते. पेटीत सिलिका जेलची पिशवी ठेवणे, केबल पेटीच्या खालच्या बाजूने आत घेणे आणि ग्लँड घट्ट आवळणे हे प्रत्येक जण करतोच. ते कितपत साधले आहे हे तपासणीचा चॅनेल सांगतो.

प्रत्येक नोंदीबरोबर या दोन-तीन चॅनेलची मूल्ये फाइलमध्ये साठवावीत. फक्त मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा साठवू नये, कारण हळूहळू सरकणारा आकडा इशारा वाजण्याच्या कितीतरी आधी आपले म्हणणे मांडत असतो. जोडीला प्रोग्रॅममध्ये असा नियम घालता येतो की दोन्ही तपासण्या अपेक्षित पट्ट्यात नसतील, तर लॉगरने रिसेट खाली आणून ती फेरी एकदा पुन्हा घ्यावी. आगंतुक पल्सने झालेली घसरण यात जागीच दुरुस्त होते. तारच सैल असेल तर दुसरी फेरीही नापास होते, आणि मग त्या फेरीची सेन्सर वाचने रिकामी नोंदवणे चुकीच्या रकान्यात आकडे भरण्यापेक्षा शतपटीने चांगले.

जमीनजोडणीबद्दल (अर्थिंगबद्दल) थोडक्यात. सेन्सर केबलच्या शील्डची (तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टनाची) तार मल्टिप्लेक्सरच्या जमीन टर्मिनलला, कॉमन केबलची शील्ड लॉगरच्या ॲनालॉग जमिनीला, आणि वीजपुरवठ्याची ऋण तार त्यांच्यापासून वेगळी. रिलेच्या कॉइलचा प्रवाह मापनाच्या जमिनीतून परतला, तर सिंगल-एंडेड वाचनांत त्याची भर पडते. शक्य असेल तेथे डिफरन्शियल मापन करावे. उघड्यावर दूरवर गेलेल्या प्रत्येक केबलमधून विजेचा झटका येऊ शकतो, आणि मल्टिप्लेक्सर म्हणजे अशा ३२ केबल एकत्र येण्याची जागा असल्यामुळे त्याच्या पेटीला जाड तारेने आणि कमीत कमी लांबीने जमिनीशी जोडणे अत्यावश्यक आहे.

यांत्रिक रिले झिजतो, हा आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा हिशेब करता येतो. दर मिनिटाला एक फेरी घेतली तर प्रत्येक रिले वर्षाला ५,२५,६०० वेळा मिटतो. सूक्ष्म प्रवाहावर एक कोटी वेळा मिटण्याची क्षमता धरली, तर एकोणीस वर्षे झाली. दर दहा मिनिटांच्या फेरीला हा प्रश्नच उरत नाही. झीज दिसू लागते ती कॉन्टॅक्टच्या रोधातल्या अस्थिरतेत, आणि चार तारांच्या मापनात ती दडून राहते. म्हणून १६ चॅनेलच्या प्रकारात एका तपासणी चॅनेलवर १०० ओहमचा रेझिस्टर मुद्दाम दोन तारांनी जोडून मोजावा. तपासणीचा रिले बाकीच्यांइतक्याच वेळा मिटत असल्याने त्या आकड्यातली थरथर वाढली की साऱ्या रांगेचे वय कळते.

बत्तीसही कमी पडले तर दुसरा मल्टिप्लेक्सर जोडता येतो. क्लॉकची रेषा दोघांना सामाईक चालते, रिसेट मात्र प्रत्येकाला स्वतंत्र द्यावी लागते. ज्याची रिसेट वर तोच पल्स मानतो. एका वेळी एकच जागा असेल याची हमी असेल तर कॉमनच्या ताराही लॉगरच्या त्याच इनपुटवर एकत्र येऊ शकतात, फक्त निद्रिस्त मल्टिप्लेक्सरच्या कॉमन केबलची धारिता जागत्याच्या मापनात मिळते हे लक्षात ठेवून थांबण्याचा अवधी वाढवावा. आणि या दुसऱ्या मल्टिप्लेक्सरच्या तपासणी रेझिस्टरना पहिल्यापेक्षा वेगळी मूल्ये द्यावीत, म्हणजे रिसेटच्या दोन तारांची अदलाबदल झाली असेल तर ती पहिल्याच फेरीत उघड होते.